मीटिंगचा सीन लिहायला शिकवणारी कार्यशाळा: कशी वाटली

गेल्या महिन्यात पुण्यात कथालेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा केली, विषय एकच, कथेत मोठी मीटिंग कशी लिहायची. विषय वाचला आणि लगेच फी भरली कारण माझ्या कादंबरीतलं सोसायटीच्या एजीएमचं, म्हणजे वार्षिक सभेचं प्रकरण वर्षभर अडकलंय, 14 माणसं हॉलमध्ये बसलीयत आणि आळीपाळीने नुसती "म्हणाले" "म्हणाल्या" चाललंय, पाचव्या ओळीत कळेनासं होतं कोण बोलतंय ते.

पहिल्याच दिवशी पैसे वसूल झाले. मॅडमनी आधी आमच्यासमोर एका सोसायटीची खरी नोटीस ठेवली, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" पासून "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" पर्यंत. त्यांचं म्हणणं असं की पार्किंगचं भांडण निघणार शेवटच्या विषयात, पण माणसं ते पहिल्या विषयापासून पोटात घेऊन बसलेली असतात, म्हणून तर पाण्याच्या टाकीवर बोलतानाच आवाज चढतो. हे इतकं खरंय!

मग कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) दोन तृतीयांश सभासद किंवा 20, यातली जी संख्या कमी तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि नोटिशीत दिलेल्या वेळी, बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाने, तीच सभा परत घेतली की कोरम लागत नाही. नियम मला माहीत होता पण तो अर्धा तास लेखकाच्या किती कामाचा आहे हे कधी सुचलंच नव्हतं. जिन्यात, लिफ्टपाशी दोघंदोघं कुजबुजतात, तिथेच तीन-चार माणसांची नीट ओळख करून द्यायची, मग हॉलमध्ये बाकीच्यांना नावं नसली तरी चालतं, मागून एक आवाज, खुर्ची सरकवणारे काका, बास.

सगळ्यात भारी एक्सरसाइज म्हणजे तोच प्रसंग दोनदा लिहायचा, एकदा घडला तसा आणि एकदा सेक्रेटरी इतिवृत्तात लिहील तसा, "सखोल चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर". माझ्या कथेतल्या तळमजल्यावरच्या काकू अख्ख्या सभेत एक शब्द बोलत नाहीत, हातही वर करत नाहीत, आणि तरी त्या "सर्वानुमते" मध्ये धरल्या गेल्या. ते लिहिताना मला गलबलून आलं, आणि प्रकरण कोणाचं आहे तेही तिथेच कळलं.

दुसरा दिवस मात्र कमी पडला. तीसेक जण, प्रत्येकाला वाचायला जेमतेम चार मिनिटं, आणि ग्रामसभेवरचं सेशन जाहीर करून दहा मिनिटांत उरकलं. गावाकडून पहाटेची एसटी पकडून आलेले दोघं त्याचसाठी आले होते, त्यांचं वाईट वाटलं. ग्रामसभेची गोष्ट पूर्ण वेगळी, तिथे भावकी असते, बाया मागे बसतात, यावर अर्धा दिवस तरी हवाच होता.

हातात कच्चा खर्डा असेल तर जरूर जा, नुसतं ऐकायला जाऊ नका. आणि आपल्याच सोसायटीची जुनी नोटीस आणि इतिवृत्त सोबत न्या. मी परत आल्यावर 14 पैकी 9 जणांची नावं काढून टाकली, आता काकूंपासून सुरुवात करतेय.