मार्गदर्शक सिस्टर उत्तम, पण ड्यूटी लिस्ट आड येते

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेला सुरुवातीचे काही महिने एका अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काम करावे लागते. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून मी तेथील जनरल वॉर्डात रुजू झाले, त्या अनुभवावरून या व्यवस्थेविषयी लिहीत आहे. रुजू झाल्यावरची व्याख्याने इतर कोणत्याही रुग्णालयासारखीच होती.

खरी जमेची बाजू म्हणजे मला मार्गदर्शक म्हणून लाभलेल्या मॅडम. इन्सुलिनची व्हायल मिलिलीटरला 40 युनिटची असते तशीच 100 युनिटचीही असते आणि लाल टोपणाची सिरिंज फक्त 40 साठी वापरायची, हे महाविद्यालयात शिकवलेले असतेच. परंतु 100 ची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज एकत्र आली तर 10 युनिटच्या जागी 25 युनिट जातील, हे गणित त्यांनी औषधांच्या ट्रॉलीपाशी, रुग्णाच्या कानावर जाणार नाही अशा बेताने, माझ्याकडूनच करवून घेतले. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीही द्यायचे नाही, हे तर त्या एरवी मृदू असूनही दरडावूनच सांगत. एका आजींची शीर सापडेना आणि नातेवाईक "ही नवीन आहे का?" असे विचारू लागले, तेव्हा त्यांनी "आजींच्या शिराच बारीक आहेत" एवढेच म्हणून कॅन्युला स्वतः घातला आणि शीर कशी निवडली ते नंतर बाजूला घेऊन समजावले. नातेवाइकांसमोर नवख्या मुलीचा पाणउतारा करण्याची चाल आपल्या वॉर्डांना नवी नाही. म्हणून याचे मोल अधिक वाटते.

व्यवस्था मात्र या माणसांना साजेशी नाही. मार्गदर्शक सिस्टरच्या वाट्याचे रुग्ण कमी केले जात नाहीत, त्यामुळे शिकवणे हे तिच्या कामात वरून पडलेले काम ठरते. शिवाय ड्यूटी लिस्ट वॉर्डाच्या सोयीने लागत असल्याने मॅडम मॉर्निंगला आणि मी नाइटला, असे वारंवार घडले. म्हणजे विचारायला माणसे कमी असतात त्याच वेळी मार्गदर्शक जवळ नाही. नवी परिचारिका कोणती कामे शिकली याची नोंद ठेवणाऱ्या कौशल्यांच्या तक्त्यावरील सह्या महिनाअखेरीस एकगठ्ठा होत, आणि 'देखरेखीखाली केले' या रकान्यात मी एकटीने केलेली कामेही जात. मॅडमना या जबाबदारीचा वेगळा भत्ता मिळत नव्हता, ही बाबही मला खटकली.

त्याच रुग्णालयाच्या आयसीयूत रुजू झालेल्या माझ्या मैत्रिणीचा अनुभव कितीतरी चांगला आहे, कारण तिथे दोघींना एकाच पाळीत, एकाच रुग्णावर ठेवले जाते आणि हँडओव्हरही (पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती सोपवणे) दोघी मिळून देतात. त्यामुळे इथे अर्ज करणाऱ्यांनी मुलाखतीतच, पगाराच्या आधी, नाइट ड्यूटीला मार्गदर्शक सोबत असेल का आणि तक्त्यावर सही कोण, केव्हा करते, हे विचारून घ्यावे. आयसीयूसाठी पाचपैकी चार तारे, जनरल वॉर्डासाठी अडीच.