बेक्ड डोनट घरी करायचेत? साच्यातले की यीस्टचे, ते आधी ठरवा

एक गोष्ट सुरुवातीलाच क्लिअर करून टाकते. बेक्ड डोनट या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ फिरतायत आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एक साच्यातले, म्हणजे मैदा, दही, बेकिंग पावडरचं बॅटर करायचं, मध्ये उंचवटा असलेल्या साच्यात भरायचं आणि १२ मिनिटांत बाहेर. दुसरे यीस्टचे, म्हणजे पीठ मळा, फुगू द्या, लाटून कापा, परत फुगू द्या आणि मग बेक करा. पहिला सरळसरळ भोक असलेला केक आहे, दुसरा गोड पाव. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, खाताना अजिबात नाही. मॉलमधल्या काउंटरवर पोरांनी जे खाल्लेलं असतं, मऊ, दाताने जरा ओढावं लागतं असं, ते बहुतेक वेळा यीस्टचं असतं, आणि आपण हौसेने ऑनलाइन साचा मागवून केकवालं करतो, मग पहिल्याच घासाला "आई, हे डोनट नाहीये" असं ऐकून घ्यायचं. पोरांचं बरोबरच असतं तसं.

म्हणून साचा मागवायच्या आधी हे बघा की तुम्हाला नक्की काय हवंय आणि तुमच्याकडे वेळ किती आहे.

वेळेचं सोपंय. साच्यातले डोनट ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) तापायला ठेवल्यापासून ताटात येईपर्यंत पाऊण तास, फार तर एक. ऑफिसमधून सहा पन्नासची लोकल पकडून घरी आलात आणि रात्री कोणीतरी येणार असेल तरी होतात. यीस्टच्याला अडीच-तीन तास धरा, त्यात हाताचं काम अर्ध्या तासाचंच आहे, बाकी नुसतं थांबायचं, पण थांबायला घरात तर पाहिजे ना. रविवार सकाळचं काम आहे ते, पोहे उरकले की पीठ मळून ठेवायचं.

साच्यातल्यांचं माप मी असं धरते: मैदा १२५ ग्रॅम (मेजरिंग कपाने एक), साखर ७५ ग्रॅम, ताजं दही १२० ग्रॅम, तेल ३ टेबलस्पून, दूध ३-४ टेबलस्पून, बेकिंग पावडर १ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि जायफळ. जायफळ सोडू नका, व्हॅनिला नसला तर चालेल. केक टाइप डोनटचा जो ओळखीचा वास असतो तो बराचसा जायफळाचाच, आणि आपल्याकडे पुरणासाठी, श्रीखंडासाठी डब्यात असतंच. अंडं नकोच असेल, म्हणजे श्रावण, चतुर्थी, सासूबाई, काहीही कारण असो, तर हा प्रकार सगळ्यात बिनधास्त, कारण दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकमेकांना भिडले की गॅस तयार होतो आणि अंड्याशिवायही डोनट हलके फुगतात. पण त्यामुळेच बॅटर करून ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही, गॅस निघून जातो, मिसळलं की लगेच साच्यात. आणि फेटायचं तर अजिबात नाही, पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, एखाददुसरी गुठळी राहिली तर राहू दे, जास्त ढवळलं की ते रबरी होतात आणि आत लांबट भोकं पडतात.

साच्यात चमच्याने भरायला जाल तर मधल्या उंचवट्यावर सगळं सांडतं. रिकामी दुधाची पिशवी स्वच्छ धुवून पुसून घ्या, एका उंच पेल्यात उभी करून त्यात बॅटर ओता, कोपरा बोटाच्या जाडीइतका कापा आणि गोल फिरवत पिळा. बॅटर इडलीच्या पिठाइतकं असलं की नीट पडतं. दोन तृतीयांशच भरायचं, हे महत्त्वाचं, कारण लोभ केला की वर येऊन भोक बुजतं आणि चपटा कपकेक मिळतो. १८० डिग्री, मधली जाळी, दोन्ही रॉड चालू, १० ते १२ मिनिटं. बोटाने दाबल्यावर परत वर आलं पाहिजे. साचा काळा असेल तर खालून पटकन लाल होतात, मग १७० ठेवा. सिलिकॉनचा असेल तर उलट, दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि रंग फिकाच राहतो, शिवाय तो लवचिक असतो म्हणून खाली ट्रे ठेवूनच उचला. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबून मगच उलटे करा.

आता यीस्टचे. यांना साचा लागतच नाही! हे कोणी आधी सांगत नाही. स्टीलचा पेला आणि बाटलीचं झाकण एवढ्यात काम होतं. मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध साधारण १५० मिली, साखर ४० ग्रॅम, बटर ४० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून. दूध बोटाला नुसतं कोमट लागलं पाहिजे, चहासारखं गरम ओतलंत तर यीस्ट मरतं, ६० डिग्रीला तर नक्कीच, आणि मग कितीही वाट बघा, पीठ ढिम्म हलत नाही. मळायला हाताने १० मिनिटं तरी लागतात. सुरुवातीला ते इतकं चिकटतं की वरून मैदा भुरभुरवायचा मोह होतो, पण तेच करायचं नाही, तो जास्तीचा मैदाच नंतर डोनट कडक करतो. चिकट हातांनीच मळत राहा, सातव्या-आठव्या मिनिटाला ते परातीचा नाद सोडतं, गुळगुळीत होतं. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणला आणि न फाटता पातळ पडदा झाला, पलीकडचा उजेड दिसला, की समजा झालं.

फुगायला किती वेळ लागतो हे रेसिपीत लिहिलेलं बघायचंच नाही. त्या बहुतेक थंड गावच्या असतात. ठाण्यात मे महिन्यात स्वयंपाकघरात जो उकाडा असतो त्यात तासाचं काम ३५-४० मिनिटांत होतं आणि तुम्ही घड्याळ बघत बसलात तर पीठ जास्त फुगून खाली बसतं, आंबूस वास येतो. जानेवारीत पहाटे करायला गेलात तर तेच दीड तास घेईल. दुप्पट झालं का आणि बोट खुपसल्यावर खड्डा हळूहळू भरतोय का, एवढंच बघा. मग अर्धा इंच जाड लाटा, कापा, प्रत्येक रिंग बटर पेपरच्या वेगळ्या चौकोनावर ठेवा म्हणजे उचलताना आकार बिघडत नाही, परत २०-३० मिनिटं ओल्या फडक्याखाली, आणि १८०-१९० ला ९ ते ११ मिनिटं. वर जरा सोनेरी रंग आला की काढाच, पूर्ण लाल व्हायची वाट बघितली तर टोस्ट होतात. काढल्या काढल्या गरम असतानाच सगळीकडून वितळलेलं बटर लावायचं. ही पायरी ऑप्शनल नाही, कारण ओव्हनच्या कोरड्या हवेने वरची साल सुकलेली असते, तळणीत तेल जे काम करतं ते इथे बटर करतं, आणि दालचिनी-साखर चिकटतेही त्यालाच.

चवीचं खरं सांगू का, यीस्टचं बेक्ड डोनट तळलेल्याच्या जवळ जातं, तिथवर पोचत नाही. तळताना ते गरम तेलात दोन-तीन मिनिटांत होतं, साल पातळ कुरकुरीत आणि आत ओलावा शाबूत. बेकला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात पाणी उडतं. तुमच्या घरी लोकांना फक्त तळलेल्याचीच चव पाहिजे असेल तर सरळ कढई चढवा, १७०-१८० डिग्रीला तळा, पण मग ते उरलेलं तेल, चिमणी आणि वन बीएचकेमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत पडद्यांना येणारा वास, हे तुमचं तुम्ही बघा.

आणि "बेक्ड म्हणजे हेल्दी" याबद्दल. फरक आहे, खोटं नाही. तळलेल्या डोनटमध्ये १०० ग्रॅमला साधारण २० ते २५ ग्रॅम फॅट असतं. वरच्या साच्यातल्या मापाचे आठ डोनट झाले तर एकात तेल जातं ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक छोटा चमचा. पण मैदा तोच, साखर तीच, आणि वर चॉकलेट ओतलंत की वाचवलेलं सगळं परत आलं. डायबेटिस असलेल्या माणसाला बेक्ड आहे म्हणून दोन जास्त वाढू नका एवढंच.

कशात करायचे यावरही बरंच ठरतं. २५-३० लिटरचा ओटीजी असेल तर दोन्ही प्रकार मस्त होतात. १५०० वॅटचा अर्धा तास चालला तरी पाऊण युनिट, आणि तापल्यावर रॉड बंद-चालू होत राहतो म्हणून खरं तर त्याहून कमीच, तेव्हा महावितरणच्या बिलाची काळजी एसीसाठी राखून ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर त्याला कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेने बेक करायची सोय, आहे का बघा, नुसतं अन्न गरम करणाऱ्या सोलोमध्ये दोन्ही प्रकार वाया. कन्व्हेक्शनमध्ये धातूचा साचा चालतो (मॅन्युअल वाचून घ्या, मायक्रो किंवा कॉम्बी मोडवर तो घालायचा नाही), पण सहा डोनटचा साचा आयताकृती असतो आणि खालची थाळी फिरते, त्यामुळे साच्याचे कोपरे भिंतीला अडकतात. घ्यायच्या आधी साच्याचा कर्ण मोजा, तो फिरायला जागा हवी. एअर फ्रायरवाल्यांनी मात्र सरळ यीस्टचेच करावेत, १७० ला ५-६ मिनिटांत होतात, पंखा जवळ असल्याने रंगही ओटीजीपेक्षा बरा येतो, फक्त एका वेळी तीन-चारच मावतात आणि पेपरचा चौकोन डोनटपेक्षा मोठा असला की उडून कॉइलला लागू शकतो, तो कापून टाका. बॅटरचे त्यात करायचे तर एकेकटे सिलिकॉन मोल्ड लागतात, उगाच खर्च.

सामानासाठी लांब जायची गरज नाही, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मैदा, पिठीसाखर, जायफळ सगळं मिळतं आणि नवी मुंबईतही आता केकच्या सामानाची दुकानं आहेतच. यीस्टचं मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका पण, आपल्या दमट हवेत उघडं पाकीट लवकर निकामी होतं. घेतलंच तर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीजरमध्ये.

डब्याला द्यायचे असतील तर साच्यातलेच, याबद्दल माझं मत पक्कं आहे. बटरऐवजी तेल घातलेला केक असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. यीस्टचे चार-पाच तासांनी सुकायला लागतात, फ्रिजमध्ये ठेवले तर आणखी लवकर शिळे होतात, त्यातल्या त्यात १५ सेकंद मायक्रोवेव्हला फिरवून लगेच खाल्ले तर ठीक. फारच वाटलं तर २५० ग्रॅममधलाच २० ग्रॅम मैदा १०० मिली दुधात शिजवून घट्ट लापशी करा, गार करून पिठात घाला आणि उरलेलं दूध लागेल तसं, त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत तग धरतात.

पावसाळ्यात आयसिंगचा वेगळाच ताप. जुलैत पिठीसाखरेचं ग्लेझ वाळतच नाही, डब्यात ठेवलं की पाणी सुटून खाली तळं. त्या दिवसांत चॉकलेट वितळवून बुडवा किंवा वाढायच्या क्षणी दालचिनी-साखर लावा.

वाढदिवसाला वीस-पंचवीस पोरं असतील तर साच्याच्या चार-पाच फेऱ्या, प्रत्येकीला साफसफाई धरून वीसेक मिनिटं, पण आदल्या रात्री करून ठेवता येतात. बॅटर मात्र प्रत्येक फेरीला नवीन कालवा. यीस्टचेच हवेत असा हट्ट असेल तर ओटीजीच्या ट्रेवर एका वेळी सहा ते आठ बसतात, आणि पहिला ट्रे आत असताना बाहेरचे फुगतच राहतात, उन्हाळ्यात तर फारच, म्हणून कापून झाले की पुढचे ट्रे झाकून फ्रिजमध्ये सरकवा आणि आधीचा ट्रे ओव्हनमध्ये गेला की एकच बाहेर काढा.