ज्यूइशजेन : भुसावळच्या घरातून कोकणातल्या पूर्वजांचा शोध

ज्यू कुटुंबांचा पूर्वेतिहास शोधण्यासाठी जगभर वापरले जाणारे ‘ज्यूइशजेन’ हे संकेतस्थळ मी गेले आठ महिने नियमितपणे वापरत आहे, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, तर आमच्या शेजारच्या काकूंसाठी. काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या आहेत. त्यांचे आजोबा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला लागून कोकणातून भुसावळला आले आणि घराण्याची एक शाखा येथेच रुजली. मी रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो असल्यामुळे जुने कागद वाचता येणारा माणूस अशी माझी गल्लीत ख्याती आहे. त्या भरवशावर काकूंनी एके दिवशी पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊ, नातवाला इस्रायलमध्ये विचारतात तुमचे मूळ कुठले, आणि आम्हाला आजोबांच्या पलीकडे काही सांगता येत नाही.”

पेटीत कामाच्या वस्तू दोनच निघाल्या. एक होता प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, ज्यावर आजोबांचे नाव, वडिलांचे नाव आणि मृत्यूची तारीख १२ जुलै १९३५ एवढेच होते. दुसरे होते अलिबागच्या बाजूच्या एका गावातील कबरस्तानात काढलेले त्यांच्या कबरीच्या दगडाचे छायाचित्र. आडनाव मात्र कागदावर कोठेच नव्हते.

संकेतस्थळाविषयी आधी सांगतो. ज्यूइशजेनची सुरुवात १९८७ साली झाली, म्हणजे आपल्याकडे घरोघरी संगणक येण्याच्या पुष्कळ आधी. न्यूयॉर्क येथील ज्यू वारसा संग्रहालयाशी ते संलग्न आहे. नाव नोंदवणे विनामूल्य आहे. वर्षाला १०० डॉलर देणगी देणाऱ्यांना शोधाच्या काही वाढीव सोयी मिळतात, परंतु त्यांच्यावाचून माझे काही अडले नाही. मांडणी जुन्या वळणाची आणि इंग्रजीत आहे, आणि मोबाइलवर ती वाचताना डोळे ताणावे लागतात. दफनांच्या नोंदींचा त्यांचा संग्रह चाळीस लाखांच्या पुढे गेलेला आहे, पण भारतातल्या कबरस्तानांचा त्यातील वाटा फारच थोडा आहे, कारण बहुतेक साहित्य पोलंड, लिथुआनिया, हंगेरी, रुमानिया, जर्मनी या मुलखांतले आहे. नाव टाकताच आजोबांची जन्मनोंद समोर येईल अशा अपेक्षेने येथे येणाऱ्या मराठी माणसाची पहिल्या दिवशीच निराशा होईल. माझीही झाली.

या निराशेचे कारण समजून घेतले की संकेतस्थळ कसे वापरायचे तेही समजते. पूर्व युरोपातल्या बहुसंख्य ज्यूंना कायमची आडनावे सरकारी फर्मानांनी घ्यावी लागली. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १७८७ साली तसे फर्मान निघाले, तर रशियात १८०४ साली कायदा झाला. त्यामुळे तेथील संशोधकाच्या हाती आडनाव असते आणि गाव शोधावे लागते. बेने इस्रायली कुटुंबात बरोबर उलटे आहे. पेणकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर या आडनावांतच गाव सांगितलेले असते, पण इंग्रजी अमदानीतल्या कागदांवर अनेकदा स्वतःचे आणि वडिलांचे नाव तेवढे लिहून आडनाव गाळलेले आढळते. काकूंच्या आजोबांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. आडनाव काकूंना पाठ होते, पण कागदाला ते ठाऊक नव्हते, आणि कागदावर होते ते ‘सॅम्युएल एझिकेल’ हे नाव अलिबागपासून लंडनपर्यंत कोणाचेही असू शकते.

येथे ज्यूइशजेनचे जे साधन सर्वांत उपयोगी पडले ते म्हणजे उच्चारावरून नाव शोधण्याची सोय. रँडी डेच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी १९८५ साली बसवलेल्या या पद्धतीत नावातील व्यंजनांना आकडे दिले जातात, मधले स्वर सोडून दिले जातात आणि सहा आकड्यांचा एक संकेत तयार होतो. ती बसवली पूर्व युरोपी नावांसाठी, पण ‘व’ रोमन लिपीत व्ही या अक्षराने लिहावा की डब्ल्यू या, हा घोळ तिकडेही आहे आणि आपल्याकडेही. या पद्धतीत दोन्ही अक्षरांना एकच आकडा असल्यामुळे दिवेकर हे नाव कारकुनाने कसेही लिहिलेले असो, ते एकाच शोधात सापडते. घोडे अडते ते आपल्या महाप्राण अक्षरांशी. झिराडकर हे नाव कोणी जे आणि एच ही अक्षरे घेऊन लिहितो, कोणी नुसते झेड घेऊन. पहिल्या रूपातल्या एचला पुढे स्वर असल्यामुळे स्वतंत्र आकडा मिळतो, दोन संकेत वेगळे पडतात आणि एका रूपाने शोधणाऱ्याला दुसरे रूप दिसतच नाही. म्हणून झ, भ, ध असलेले कोणतेही नाव एचसह एकदा आणि एचशिवाय एकदा, असे दोन्ही प्रकारे शोधावे. हे कळायला मला तीन आठवडे लागले. २००८ साली आलेली बाइडर-मोर्स ही नवी पद्धतही निवडता येते आणि ती फालतू नावांची गर्दी कमी करते, परंतु मराठी नावांसाठी मी जुनीच पसंत करीन, कारण थोडी जास्त गर्दी उपसावी लागली तरी चालेल, पण माणूस निसटता कामा नये.

गाठ सुटली ती मात्र माणसामुळे. ज्यूइशजेनवर आपण कोणते आडनाव आणि कोणते गाव शोधत आहोत याची नोंद करून ठेवता येते, आणि तेच आडनाव शोधणारा दुसरा कोणी असेल तर तो संकेतस्थळामार्फत आपल्याला निरोप पाठवू शकतो. मी काकूंचे आडनाव आणि गाव नोंदवले. सहा आठवड्यांनी इस्रायलमधील अश्दोद येथून एका गृहस्थांचा निरोप आला की त्यांच्या घरच्या वहीत त्या गावचे एक समाजी हस्साजी आहेत, पण सॅम्युएल एझिकेल कोणी नाहीत. निरोप वाचून मी जवळजवळ नकार कळवणार होतो, तेवढ्यात काकू हसल्या आणि म्हणाल्या, “अहो भाऊ, समाजी म्हणजेच सॅम्युएल, आणि हस्साजी म्हणजे एझिकेल.” मुंबईत १७९६ साली बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हेही समाजी हस्साजी दिवेकर म्हणूनच ओळखले जातात, हे मी पुढे वाचले. घरात एक नाव आणि साहेबाच्या कचेरीत दुसरे, अशी ही रीत होती. संगणकाच्या कोणत्याही पद्धतीत समाजी आणि सॅम्युएल यांचा संकेत एक येत नाही, तेव्हा ही जोडी आपल्यालाच शोधात घालावी लागते. बेने इस्रायली घराण्याचा शोध घेणाऱ्याने प्रत्येक पूर्वजाची दोन्ही नावे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावीत आणि मगच संगणकापुढे बसावे.

कबरीच्या दगडाविषयी सविस्तर लिहितो, कारण तेथे माझी चूक झाली होती. दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी मजकूर होता, पण मराठी ओळी झिजून गेल्या होत्या. हिब्रूत आकड्यांऐवजी अक्षरे लिहितात आणि वर्षातले पाच हजार बहुधा गाळतात. उजवीकडून वाचत गेल्यावर ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २००, त्सादी म्हणजे ९०, आणि शेवटचे अक्षर मी खेत समजलो, म्हणजे ८. एकूण वर्ष ५६९८, त्यातून ३७६० वजा केले की १९३८. रेल्वेच्या कागदावर तर १९३५. लेखा विभागाची सवय अशी की आकडा जुळला नाही तर दोष आधी दुसऱ्याच्या खात्यात शोधायचा, त्यामुळे मी कारकुनावर संशय घेतला. छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा दिसले की शेवटच्या अक्षराचा डावा पाय वरच्या आडव्या रेषेपासून किंचित सुटा आहे आणि ती फट चुन्याने बुजली आहे. फट असेल तर ते अक्षर ‘हे’, म्हणजे ५. वर्ष ५६९५, म्हणजेच १९३५. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलत असल्यामुळे तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी ३७६१ वजा करावे लागतात, पण येथे महिना तम्मुझ, म्हणजे जून-जुलैच्या सुमाराचा, असल्यामुळे तो प्रश्न नव्हता.

तरीही एक दिवसाचा फरक उरलाच. दगडावर तम्मुझ १२ अशी तिथी आहे. तारखा बदलून देणारे साधन ज्यूइशजेनवर आहे आणि स्टीव्ह मोर्स यांच्या विनामूल्य संकेतस्थळावरही आहे. (हे मोर्स म्हणजे इंटेलच्या ८०८६ या चिपची रचना करणारे तंत्रज्ञ, आणि बाइडर-मोर्स पद्धतीतले मोर्सही तेच.) दोन्ही ठिकाणी उत्तर आले १३ जुलै १९३५, शनिवार. कागद म्हणतो १२ जुलै. काकूंना विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या की शब्बाथचा दिवा लागल्यावर आजोबा गेले असे वडील सांगत असत. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सायंकाळी सुरू होतो आणि ज्यू पंचांगाचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. त्यामुळे रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे ते १२ तारखेला गेले आणि समाजाच्या पंचांगाप्रमाणे पुढच्या तिथीला. दोन्ही नोंदी बरोबर होत्या. तारखा बदलून देणारी साधने सूर्यास्तापूर्वीचा दिवस धरतात, हे ध्यानात ठेवावे.

खान्देशातून शोध घेणाऱ्यांसाठी स्थळांच्या नावांबाबत थोडे. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, म्हणून त्यापूर्वीचे कागद नुसत्या खान्देश या नावाखाली पाहावेत. धुळे हे इंग्रजी कागदांत ‘धुलिया’ असते. ब्रिटिश अमदानीतील कुटुंबांसाठी १९९८ साली स्थापन झालेल्या ‘फिबिस’ या संस्थेचा शोधसंग्रह विनामूल्य पाहता येतो, पण तो मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांचा आहे. लंडनमधून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिस या खात्याच्या जन्म-विवाह-दफनाच्या वह्या चर्चच्या असल्यामुळे बेने इस्रायलांसाठी त्यांच्यात वेळ घालवू नये. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आणि एशियाटिक सोसायटीचे ‘ग्रंथ संजीवनी’ येथे घराण्याची नोंद क्वचितच मिळेल, परंतु त्या काळची परिस्थिती समजण्यासाठी दोन्ही चांगली आहेत.

मोहाला बळी पडून मी एका सशुल्क संकेतस्थळाची १४ दिवसांची मोफत चाचणी घेतली. त्याचे नाव येथे घेत नाही. पंधराव्या दिवशी मुलाच्या कार्डावरून वर्षाची वर्गणी कापली गेली, आणि तोपर्यंत त्या यंत्रणेने काकूंच्या आजोबांना लंडनच्या एका शिंप्याच्या घराण्याला जोडून दिले होते. नाव जुळले, बापाचे नाव जुळले, एवढा पुरावा तिला पुरला. वर्गणी परत मिळाली नाही, आणि तो शिंपी वंशवेलीवरून काढून टाकायला आणखी एक संध्याकाळ गेली. डीएनए चाचणीचीही जाहिरात सतत समोर येत राहते. बेने इस्रायलांच्या वंशात मध्यपूर्वेकडील ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही मुळे असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले आहे, परंतु पिढ्यानपिढ्या आपसांत सोयरीक करणाऱ्या छोट्या समाजात दूरचा भाऊही जवळचा भासतो, त्यामुळे नेमके नाते ठरवण्यासाठी मी ती चाचणी सुचवणार नाही.

नातवाला मूळ का विचारतात, याला एक इतिहास आहे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह नोंदवताना त्यांच्या आईकडील पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला होता. समाजाने त्याविरुद्ध निदर्शने केली आणि १९६४ साली तेथील सरकारने ते पूर्णपणे ज्यू असल्याचे जाहीर केले. काकूंचे थोरले मामा त्या काळात तिकडे होते. त्यामुळे वंशावळ हा त्या घरात फावल्या वेळचा छंद कधीच नव्हता, आणि पेटी इतकी वर्षे जपून का ठेवली गेली हेही मला तेव्हाच उमगले.

पाचपैकी मी ज्यूइशजेनला साडेतीन गुण देईन. दीड गुण भारतीय नोंदींच्या तुटवड्यासाठी कापला आहे. अश्दोदच्या गृहस्थांच्या वहीवरून समाजींच्या एका भावाची अख्खी शाखा मिळाली आहे, हस्साजींच्या वडिलांचे नाव मात्र अजून अडले आहे. नोंद अद्ययावत करताना काकूंनी अट घातली की मूळ गावाखाली भुसावळही लिहायचे. संकेतस्थळाच्या दृष्टीने भुसावळ हे मूळ गाव ठरत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिले. “आमच्या तीन पिढ्या इथे गेल्या, मग अजून काय पाहिजे?” असे त्या म्हणाल्या. मी भुसावळची नोंद एकदा एचसह आणि एकदा एचशिवाय अशी दोनदा केली.