वजन तोडायचं की वर चढायचं?

बेळगावच्या शहापुरात आमचा पस्तिशीचा बॉक्सर अजून घाम गाळून वजन उतरवायला रेनकोट घालून दोरीच्या उड्या मारतो. त्यानं ७९ किलोच्या गटातच राहावं, की सरळ हेवीवेटला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात जावं?

राहिला तर समोरचा आपल्या मापाचा. पण लढतीआधीच्या वजन-मोजणीच्या आदल्या रात्री ओठ सुकलेले, घोटभर पाण्याचाही हिशेब, घरात कुंद्याचा डबा उघडलेला आणि हा नुसता वास घेणार. विशीत अंग लगेच भरून येतं, पस्तिशीत नाही.

वर गेला तर पोटभर जेवण. पण समोरच्याच्या वजनाला वरची मर्यादाच नाही. वस्ताद म्हणतात, "हत्ती अंगावर घेतोस काय रे?" ७९ च्या गटातल्या अमेरिकी बॉक्सर रॉय जोन्स ज्युनियरनं घेतला. मार्च २००३, वय ३४, वजन साधारण ८७ किलो. १०२ किलोच्या हेवीवेट जॉन रुईझला त्यानं गुणांवर हरवलं. खरी गोष्ट पुढंच आहे. तो परत ७९ वर उतरला, नोव्हेंबरात अँटोनियो टार्व्हरशी जेमतेम जिंकला आणि मे २००४ मध्ये टार्व्हरच्याच ठोशानं दुसऱ्या फेरीत आडवा झाला.

म्हणून माझं मत वर जाण्याकडं, पण पाय चालत असतील तरच. आणि गेल्यावर परत उतरायचं नाही. आमच्या गड्याचे पाय? परवा तिसऱ्या फेरीतच दोराला टेकला होता.