फेसबुकचं लाइक बटण: अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा?

फेसबुकचं लाइक बटण २००९ मध्ये आलं, म्हणजे आता वापरून वापरून गुळगुळीत झालंय, तरी त्या अंगठ्याचा नेमका अर्थ काय हे मला अजून कळलेलं नाही. वाचलं? पटलं? की नुसतंच "बरं, बघितलं हो"? आधी तर एकच अंगठा होता, त्यामुळे कुणाचे आजोबा गेले तरी खाली अंगठेच अंगठे, देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं पण दिसायचं कसंतरीच. मग २०१६ ला लव्ह, हाहा, वॉव, सॅड, अँग्री आले आणि २०२० च्या कोरोनात हृदयाला मिठी मारणारा केअर. सोय झाली खरी. पण हाहाच घ्या ना, विनोदाला हसले की माणसालाच? राजकीय पोस्टवर तर तो सरळ टोमणाच असतो. अँग्रीचंही तेच, रस्त्यातल्या खड्ड्यांच्या बातमीवर राग खड्ड्यांचा की बातमी देणाऱ्याचा, कोण जाणे.

घरातली गंमत वेगळीच. मी नोकरी सोडल्याची पोस्ट टाकली तर मावशीने लगेच हार्ट दिलं. फोन करून विचारलं तर म्हणाली, "अगं फोटो छान आलाय तुझा, वरचं कुठे वाचलं, चष्मा नव्हता!"

डिसलाइक दिलं नाही ते बरंच केलं म्हणा, नाहीतर आमच्या नातेवाइकांत दर दिवाळीला भांडणं. वापरायला सोपं म्हणून पाचपैकी तीन स्टार. दुःखाच्या पोस्टवर मात्र मी आता बटण दाबतच नाही, दोन शब्द टाइप करते.