‘मॅडम, २१ दिवसांत दुसराच कुत्रा मिळेल’

आणि खरंच दुसराच मिळाला, त्या बाबतीत त्या माणसाने शब्द पाळला.

बंड्या तेव्हा ११ महिन्यांचा होता. दारावरची बेल वाजली की भुंकून घर डोक्यावर घ्यायचा. फिरायला नेलं की कोण कोणाला फिरवतंय ते बघणाऱ्याला कळायचं नाही. बस्स, तक्रार एवढीच. ऐन वाढीच्या वयातला, दिवसभर घरात एकटा राहणारा कुत्रा याहून वेगळं काय करणार, हे आज सुचतं. तेव्हा मी वैतागले होते.

ओळखीतून एका ट्रेनरचा नंबर मिळाला. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. सर घरी आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि बंड्याकडे ढुंकूनही न बघता निदान सांगून मोकळे झाले: ‘हा स्वतःला अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या समजतोय. तुम्ही डोक्यावर बसवलाय.’ उपाय एकच. २१ दिवस त्यांच्याकडे ठेवायचा, गॅरंटी लेखी, फी पूर्ण आगाऊ. मधे भेटायला यायचं नाही, मालक दिसला की म्हणे केलेलं सगळं पाण्यात जातं. रोज व्हिडिओ येईल. मला हे सगळं फार शिस्तीचं वाटलं. पैसे भरले.

व्हिडिओ आले. बंड्या बसलाय. बंड्या आडवा झालाय. समोरून दुसरा कुत्रा गेला तरी बंड्या जागचा हलत नाही. मी ते कौतुकाने शेजारीपाजारी दाखवले, हे लिहिताना अजून लाज वाटते.

घरी आला तो बंड्या भुंकत नव्हता. खेळत नव्हता, दारात आलेल्याला हुंगतही नव्हता. कोपऱ्यात बसायचा आणि आमच्या हातांकडे बघायचा, चेहऱ्याकडे नाही. नवरा म्हणाला, ‘शिकला की!’ दोन दिवस आम्ही तसंच समजून चाललो. तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनचं काम संपलं आणि ते नेहमीसारखं ‘पीं’ करून वाजलं. बंड्या जमिनीला चिकटला आणि त्याच जागी त्याला शू झाली. मायक्रोवेव्ह वाजला, पुन्हा तेच.

डॉक्टरांनी काही न बोलता त्याच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला केले. कातडीवर दोन गोल जखमा होत्या, शेजारी शेजारी, अगदी सारख्या अंतरावर. शॉकच्या पट्ट्याला आतून धातूचे दोन खुंट असतात. ते कातडीला टेकलेले असले तरच झटका बसतो, आणि पट्टा तासन्‌तास घट्ट बांधून ठेवला की तिथली कातडी मरते. अशा बऱ्याच पट्ट्यांमध्ये झटक्याआधी एक ‘पीं’ वाजवता येतं. बंड्याला ‘पीं’चा अर्थ नीट शिकवला गेला होता.

घरी येऊन मी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले, या वेळी आवाज बंद करून. कान मागे चिकटलेले. शेपूट पोटाखाली. दर दोन सेकंदांनी नाकावरून जीभ फिरतेय. एका ठिकाणी भलीमोठी जांभई, तिला मी ‘कित्ती गोड’ म्हटलं होतं. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसतेय. कुत्रं घाबरलंय हे सांगणारी जवळजवळ प्रत्येक खूण तिथे होती आणि तीन आठवडे माझ्या फोनमध्ये होती. मान मात्र कधीच नीट दिसत नव्हती. आणखी एक गंमत दिसली: चौथ्या, नवव्या आणि पंधराव्या दिवसाच्या व्हिडिओत मागच्या बादलीशेजारचं पाण्याचं थारोळं हुबेहूब त्याच आकाराचं होतं. एकाच दिवसाचं चित्रण कापून रोज थोडं थोडं पाठवलं होतं.

फोन केला. शॉकचं नाव काढताच सर म्हणाले, ‘मॅडम, ती कम्युनिकेशन कॉलर आहे.’ पैसे परत मागितले, तर उत्तर: ‘सांगितल्यावर बसतो ना? मग?’ गॅरंटीच्या कागदावर शेवटी बारीक अक्षरात होतं की घरच्यांनी सातत्य राखलं नाही तर जबाबदारी आमची नाही. शिवाय या भीतीवर त्यांच्याकडे एक ॲडव्हान्स कोर्सही होता, त्याची फी वेगळी.

त्या अल्फाचं मूळ मी नंतर शोधून काढलं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेतल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून कळपातल्या वरचढपणाबद्दल लिहिलं. मोकळ्या रानातल्या कळपात कोण असतं? बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. अल्फाची कल्पना लोकांपर्यंत नेण्यात लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांचा मोठा वाटा होता, पण त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की अशा कळपाला हा शब्द लावणं दिशाभूल करणारं आहे. आईला टोळीची म्होरकी म्हणण्यासारखंच ते. आणि बंड्या तर लांडगाही नाही. बेल वाजली की त्याला भीती वाटायची, उत्सुकता वाटायची, राज्य वगैरे काही करायचं नव्हतं.

खरा धोका पुढेच होता. महिनाभराने भाच्याने लाडाने त्याच्या गळ्याकडे हात नेला आणि बंड्याने हवेत दात आपटले. आधी गुरगुरला नाही. पूर्वी नको असेल तर गुरगुरायचा, आम्ही बाजूला व्हायचो, विषय संपायचा. तिकडे गुरगुरलं की झटका बसत असणार. भीती होती तिथेच राहिली, फक्त इशारा गेला. गुरगुरण्यावरून कुत्र्याला मारणारे, ओरडणारे पुष्कळ असतात. मीही त्यातलीच होते.

पुढचं काम घरीच केलं, वर्तनाची जाण असलेल्या एका डॉक्टरांच्या सल्ल्याने. ‘पीं’चा आवाज फोनवर रेकॉर्ड केला, जेमतेम ऐकू येईल इतका बारीक ठेवला आणि वाजला की लगेच खाऊ. घाबरला तर त्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशी आवाज आणखी कमी. नेहमीच्या आवाजापर्यंत यायला पाच महिने लागले. लीश ओढणं मात्र साध्या हट्टाने सुटलं: ओढलं की मी थांबायची, दोरी सैल झाली की चालायची. पहिल्या आठवड्यात फाटकाच्या पुढे पोचलो नाही.

आता कोणी ट्रेनरचं विचारलं की मी एकच सांगते, त्याला विचारा, ‘कुत्र्याचं चुकलं की तुम्ही नेमकं काय करता?’ उत्तरात ‘एनर्जी’, ‘करेक्शन’, ‘लीडर’ आलं तर पुन्हा विचारा, हात काय करतो, पट्टा कुठला. न कळवता येऊन बघू का, हेही विचारा. ट्रेनर म्हणवून घ्यायला बहुतेक देशांत परवाना लागत नाही. शॉकच्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते सर्रास मिळतात.

पैसे आले नाहीत. बंड्याचा व्हिडिओ जाहिरातीतून काढा म्हणून तीनदा मेसेज केला, तिन्ही वाचले गेले. त्यात बंड्या अजून बसलेला आहे, आणि खाली कुणीतरी विचारलंय, ‘इतका शांत कसा केलात, सर?’