जुना पेट्रोल रोटाव्हेटर: आठ महिन्यांचा अनुभव, आणि एका तोटीबद्दल जरा जास्तच

काल सकाळी शेडचं दार उघडलं आणि पेट्रोलचा वास भसकन नाकात शिरला. रोटाव्हेटरखाली ओला डाग, टाकी अर्ध्यावर. आदल्या संध्याकाळी मी स्वतः ती काठोकाठ भरली होती आणि तोटी स्वतःच्या हाताने बंद केली होती. हा अनुभव लिहायची चालढकल दोन महिने चालू होती. त्या डागाने आज बसवलं.

मशीन साठच्या दशकातलं. साइड व्हॉल्व्ह फोर स्ट्रोक इंजिन, पुलीला दोरी गुंडाळून ओढायची, मागे माती उकरणारी फिरती पाती. ही जात ज्यांनी पाहिली आहे त्यांना बाकीचं सांगायला नको. याआधी मी सायकलच्या पंक्चरपलीकडे काही खोललेलं नव्हतं. भंगाराच्या भावात मिळालं म्हणून घेतलं आणि "जास्तीत जास्त काय, प्लग बदलावा लागेल" असं घरी सांगून मोकळा झालो.

आधी तोटीचंच सांगतो, कारण आठ महिन्यांत सर्वात जास्त शिव्या तिने खाल्ल्या आहेत. टाकीखाली एक छोटी पितळी तोटी असते. फिरवायची नाही, दांडी ओढली की पेट्रोल सुरू, ढकलली की बंद. त्या दांडीवर आत बुचाचं एक कडं असतं, बाटलीला असतं तेच बूच. ओलं असलं की फुगून घट्ट बसतं, वाळलं की आक्रसतं. माझ्या हाती मशीन आलं तेव्हा वर्षानुवर्षं कोरडं पडून ते कडकडीत झालं होतं. कुणीतरी सांगितलं, बूच गरम पाण्यात उकळव, फुगेल. उकळवलं, फुगलं, पाच आठवडे एक थेंब गळला नाही. मी खूश.

मग बागेचं काम संपलं आणि मशीन ठेवून द्यायची वेळ आली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाला वेगळं बसतं, गंज धरतो, आणि उरलेलं पेट्रोल उडून गेलं की कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, डिंकासारखा थर जमतो. म्हणून टाकी रिकामी करून ठेवा, असं सगळेच सांगतात. ठेवली. दीड महिन्याने पेट्रोल भरलं तर बूच पुन्हा वाळलेलं आणि थेंब थेंब सुरू. म्हणजे टाकी कोरडी ठेवली तर तोटी जाते आणि तोटी ओली ठेवली तर कार्बोरेटर जातो. हा पेच सोडवण्यात माझे जितके रविवार गेले तितके इंजिनातही गेले नाहीत. नवीन तोटी मिळते, पण बुचाचा पातळ पत्रा मी आधीच आणून ठेवला होता, त्यातून अजून वीस कडी निघतील. तो वाया घालवायचा का?

असो. इंजिनाकडे वळतो.

टाकीत गंजाचा चुरा होता. सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी रात्रभर भरून ठेवलं, आत मूठभर नट टाकून खळखळवलं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळलं. धुतल्यावर मी चहाला गेलो, तेवढ्यात आत नारिंगी साय धरली. दुसऱ्यांदा केलं तेव्हा लगेच वाळवून आत तेल फिरवलं आणि ते टिकलं.

इंजिन तिसऱ्या दिवशी सुरू झालं. वीस मिनिटं मस्त चालायचं आणि मग फटफट करून मरायचं. अर्धा तास थांबलं की पहिल्या दोरीत पुन्हा सुरू. कार्बोरेटर हा नवशिक्याचा आवडता आरोपी. मी तो तीनदा खोलला, जेटमधून तांब्याची बारीक तार घातली, फ्लोट, म्हणजे आतला पोकळ तरंगता गोळा, हलवून त्यात पेट्रोल शिरलंय का ते कानाशी धरून ऐकलं. फरक शून्य. मग वाटलं टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही आणि लक्षणं अगदी हीच दिसतात. झाकण सैल ठेवून चालवलं. तरी वीस मिनिटांनी मेलंच.

जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते दुसऱ्या महिन्यात केलं. इंजिन मेल्याबरोबर, गरम असतानाच प्लग काढला, टाकीपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी पिवळट, मरतुकडी. गार झाल्यावर तीच निळी, टकटक आवाज करणारी. म्हणजे पेट्रोलचा काही संबंधच नाही, करंटचं दुखणं.

या इंजिनांत फ्लायव्हीलखाली, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) टोकावरच्या जड चाकाखाली, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) आणि कंडेन्सर असतात. पॉइंट उघडतात त्या क्षणी उसळलेला करंट कंडेन्सर झेलतो, म्हणून पॉइंटवर ठिणगी न पडता ती प्लगवर पडते. जुन्या कंडेन्सरमधलं कागदी आवरण थकलेलं असतं. गार असताना कसंबसं काम करतं, तापलं की करंट गळू देतं. माझे पॉइंट उघडून पाहिले तर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकाड. पॉलिश पेपरने साफ केले, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) पुस्तिकेप्रमाणे १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मि.मी. गॅप ठेवला. कंडेन्सर मूळचा शोधत बसलो नाही. जुन्या स्कूटरचा लावला, तोही फ्लायव्हीलच्या बाहेर, वायर ओढून, म्हणजे पुन्हा गेला तर फ्लायव्हील काढायला नको. त्या दिवसापासून इंजिन सलग दीड तास चालतं.

फ्लायव्हील काढण्याबद्दल एकच: पुलर आणा. मी हातोडी वापरली आणि क्रँकच्या टोकाचे दोन आटे चपटे केले. नट टोकाशी फिरवून ठेवला असता तर आटे वाचले असते, हे नंतर कळलं.

पात्यांचा किस्सा थोडक्यात. गंज काढायला सगळी पाती उतरवली आणि बसवताना डावी-उजवी बदलली. मशीन मातीत शिरायच्या ऐवजी वरच्या वर उड्या मारू लागलं. ऑस्ट्रेलियात रोटाव्हेटरचे जनक आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर पहिले प्रयोग केले, तेव्हा त्यांच्या पात्यांनी माती बाजूला फेकली जायची. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे ही एल आकाराची पाती. धारेची बाजू आधी मातीत गेली पाहिजे, एवढी साधी गोष्ट. रोटाव्हेटरचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं तरी तेच राहतं, पाती मात्र उलटी चालत नाहीत.

गिअर बॉक्समधून काळं तेल काढलं तर त्यात सोनेरी चकाकी. आतलं वर्म व्हील, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दात्यांचं चाक, ब्राँझचं आहे, हे मला त्या चकाकीवरून समजलं. डब्यावर जीएल-५ (गिअर तेलाचा एक दर्जा) लिहिलेलं तेल घरात होतं, ते ओतणारच होतो. त्यातली गंधकाची रसायनं तापल्यावर पिवळ्या धातूला खातात, म्हणून साधं जाड एसएई १४० घातलं. कधी नव्हे ते आधी वाचलं आणि मग ओतलं.

इथवर लिहून बाजूला ठेवलं होतं. त्यानंतर तीन आठवडे गेले आणि तोटीबद्दलचं मत थोडं बदललं.

बूच फेकलं. दांडीवरच्या खाचेत साधा रबरी ओ-रिंग (गोल कडं) बसवला. चार दिवसांत तो पेट्रोलमध्ये फुगला आणि दांडी इतकी अडकली की पक्कडीने ओढावी लागली. मग व्हिटॉनचा, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा, ओ-रिंग आणला. इथेनॉलने तो फुगत नाही. टाकी आठवडाभर रिकामी ठेवून पुन्हा भरली, खाली पांढरा कागद अंथरला. रात्रभरात कागदावर एकही डाग नाही. आता वाटतं, बुचाला मी उगाच मूर्खपणा म्हणत होतो. ज्यांनी ते बसवलं त्यांच्या डोक्यात दर आठवड्याला चालणारं मशीन आणि बिनइथेनॉलचं पेट्रोल होतं. आक्रसायला बुचाला सवडच मिळत नसणार. वीस कड्यांचा पत्रा मात्र माझ्याकडे पडून आहे.

काम कसं करतं? वर्षभर न उकरलेल्या कडक जमिनीत पहिल्या फेरीला दोन-तीन बोटं खोल जातं, दुसऱ्या फेरीला वीतभर भुसभुशीत. घाईने खोल घालायला गेलं की हँडल खांदे उखडतं. गिअर बॉक्सच्या सीलशी थोडं तेल ओलं दिसतं, ते मी बघून न बघितल्यासारखं करतो.

घ्यायचं असेल तर इंजिन गरम होईपर्यंत विकणाऱ्याला चालवून दाखवायला लावा, पाच मिनिटांच्या फटफटीवर भुलू नका. गिअर बॉक्सचं तेल काठीवर घेऊन उन्हात बघा. आणि तोटी गळत असेल तर तेवढ्यावरून भाव पाडून घ्या. मला ते जमलं नाही, कारण बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने टाकी रिकामी ठेवली होती, आणि मी त्याला व्यवस्थित माणूस म्हणून मनातल्या मनात शाबासकीसुद्धा दिली होती.